चार सायकली आणि पिछाडीचा पेच

ट्रेलराचे नाक न्हाणीघरातील वजनकाट्यावर टेकविले तेव्हां काटा थरथरला, पंधरापावेतो गेला, माघारा आला आणि सहा किलोंवर स्थिर जाहला. सहा म्हणजे काहीच नव्हे. जे नाक गाडीच्या कडीवर पंचविसाच्या भाराने दाबून बसावे, ते एखाद्याने करंगळीने उचलावे इतके हलके होते, कारण सारा बोजा पिछाडीस. हे सौभाग्यवती विजयालक्ष्मीबाईंनी पाहिले, पुन्हा पाहिले, काटा शून्यावर आणून आणखी एकवार पाहिले आणि सासऱ्यांस काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्यापासून पुढील सर्व प्रसंग ओढवला, म्हणोन तो येथे कोणाची भीड न धरितां लिहून ठेविला आहे. वाचणाराने सावधचित्त वाचावा.

कतर देशी, अल खोर मुक्कामी, राजश्री सागरराव हे एका कंपनीच्या हिशेबखात्यात दाखल होते. त्यांचे कुटुंब विजयालक्ष्मीबाई एका प्रयोगशाळेत पोलादाचे नमुने यंत्रात धरून ताणीत आणि कोणत्या भारास तुटले ते नोंदीत. कन्या भैरवी, वय वर्षे आठ, मराठी सर्व समजे आणि उत्तर इंग्रजीत करी. आणि या तिघांवर हुकूमत करण्यास सागररावांचे तीर्थरूप श्रीपतराव, पाटबंधारे खात्यातील माजी कालवा-निरीक्षक, व्हिजिटच्या व्हिशावर कृष्णाकाठाहून दाखल जाहले होते. कालव्याच्या बांधावर त्यांची हयात सायकलीवर गेली, सबब येथेही त्यांनी मायदेशी परतणाऱ्या एका पहारेकऱ्याकडून काळी लोखंडी सायकल मिळविली, तीस तेल दिले, घंटी बसविली, कॅरिअर घासून लखलखीत केले आणि रोज सकाळी समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यापावेतो स्वारी करू लागले. ती सायकल चोवीस किलो भरे. हे वजनही बाईंनीच केले होते.

आता त्या घराण्याचा एक रिवाज सांगितला पाहिजे, त्यावाचून पुढील मसलत उमजणार नाही. सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. वैर म्हणाल तर तिळमात्र नव्हते. लग्न जाहल्यापासून पहिल्या वर्षी लाज वाटली, दुसऱ्या वर्षी सवय पडली आणि मग ती मोडण्यास मुहूर्तच सांपडला नाही. चहा जाहला की बाई भिंतीकडे पाहून म्हणत, "चहा ठेवलाय." श्रीपतराव छताकडे पाहून पुसत, "साखर घातलीया न्हवं?" भिंत आणि छत यांच्या दरम्यान घर सुरळीत चाले. याहून जड मजकूर असला तर वकील पाठवावा लागे, आणि वकील दोनच होते. एक सागरराव, जे निरोप घेत आणि पोचवीत नसत. दुसरी भैरवी, जी पोचवी, परंतु आपल्या मर्जीप्रमाणे छाटून.

ऐशा स्थितीत थंडीचे दिवस आले, वाळवंटात जागोजाग तंबू पडूं लागले आणि सागररावांच्या मनीं आले की, वडील देशी परतण्यापूर्वी फुवैरितच्या किनाऱ्यावर मोहीम करावी, चौघांनी चार सायकली न्याव्या आणि समुद्राच्या कडेने फिरवाव्या. शेजारी लॉरेन्स, मूळचे वसईचे, इस्पितळाच्या कचेरीत नोकर, यांनी आपला लहानसा कॅम्पिंग ट्रेलर मोठ्या मनाने दिला. त्यात मध्यभागी एक पलंग, पलंगाखाली बरोबर चाकांचा आस, मागे स्वयंपाकाचा ओटा आणि ओट्यामागे बाहेर सायकली टांगण्याचा लोखंडी सांगाडा.

सायकली टांगण्याची वेळ आली तेव्हां श्रीपतरावांचा हुकूम जाहला की, "माजी सायकल समद्यांच्या मागं बांध. रस्त्यानं येनाऱ्या-जानाऱ्यास्नी दिसली पायजे." म्हणजे फौजेच्या निशाणाप्रमाणे. त्याप्रमाणे काळी सायकल सर्वांत बाहेर, तिच्या आंत बाईंची आणि भैरवीची ऐशा तीन सायकली सांगाड्यावर चढल्या. चौथी सागररावांची, कार्बनची, आठ किलो वजनाची, जीस ते मुलाबाळांहून जपत. ती त्यांनी धूळ लागेल म्हणोन पलंगावर निजविली आणि तिजवर बाईंनी स्वहस्ते शिवलेली गोधडी पांघरली. म्हणजे जे हलके ते आसावर आणि जे भारी ते शेपटीच्या टोकास. पदार्थविज्ञानाची इतकी उलटी मांडणी ठरवून करूं म्हटले तरी साधती ना.

गुरुवारी दोन प्रहरीं पितापुत्र वाणसामान आणावयास गेले, तेव्हां बाईंनी वर सांगितलेला काटा लावला आणि सहा आकडा पाहिला. मग एकट्यांनी पट्टे सोडिले, काळी सायकल उचलून पलंगावर आणिली, कार्बनची बाहेर टांगिली आणि पुन्हा नाक काट्यावर ठेविले. चोवीस! लढाई तेथेच जिंकली होती. परंतु वडिलांची वस्तु त्यांच्या परवानगीवांचून हलविणे ही बेअदबी, म्हणोन बाईंनी सर्व सायकली पुन्हा होत्या तेथे नेऊन, पट्ट्याची गांठसुद्धां पूर्वीसारखी बांधून ठेविली आणि रात्री नवऱ्यास निवेदन केले की, हा ट्रेलर वेगात शेपूट हलवील, आणि एकदा हलूं लागला की गाडीसही फरफटवील, आणि गाडीत आपली पोर आहे. सागरराव म्हणाले, "बघू. सकाळी बोलतो बाबांशी."

सकाळ जाहली. बोलले नाहीत. एक तर वडिलांची इतराजी नको आणि दुसरे, काळी सायकल आंत आली तर कार्बनची बाहेर जाणार, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

शुक्रवारी कूच जाहले. आघाडीस सागररावांची गाडी, पुढील आसनी श्रीपतराव, मागे मायलेकी, त्यांमागे ट्रेलर, त्यामागे निशाण आणि पिछाडी राखण्यास आपल्या मोटारीत लॉरेन्स आणि त्यांचे कुटुंब लिझी. हमरस्त्यास लागले, वेग वाढला, वायव्येचा वारा आडवा आला आणि एक भला थोरला टँकर बाजूने निघून गेला. तोंच ट्रेलराने प्रथम डावीकडे मान टाकिली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे आणि दर खेपेस अधिक. गाडीची पाठ त्याबरोबर डोलूं लागली. मागून लॉरेन्सांचा फोन आला, "अरे सागर, शेपूट बघ तुझी! गरबा खेळतेय!" सागररावांचा पाय ब्रेकाकडे गेला, तेव्हां बाई मागून इतक्या तीव्र स्वराने म्हणाल्या, "ब्रेक नको! फक्त गॅस सोड. स्टिअरिंग धरून ठेव, फिरवू नको," की पाय जागीच थिजला. वेग आपसूक उतरला, डोलणे शमले आणि फौज पुढील पेट्रोल पंपाच्या आवारात येऊन थांबली. भैरवीने आईचा हात धरिला होता तो सोडिला नाही. बाईंनी तो हात पाहिला. मुठीवर तिच्या नखांचे चार चंद्र उमटले होते.

तेथे खलबत बसले. श्रीपतराव गाडीतून उतरले नाहीत. कांच वर करून, करक चहाचा पेला हाती घेऊन बसले, कारण भ्याल्याचे कोणास कळू नये. बाकीची मंडळी ट्रेलराच्या सावलीस जमली. बाईंनी वकील भैरवी इजबरोबर निरोप दिला की, आजोबांस सांग, शेपटीचे वजन आसावर आणल्याशिवाय पुढे जाणे धोक्याचे आहे. वकील धांवत गेली, कांच खाली करविली आणि म्हणाली, "आजोबा, मम्मा म्हणते तुमची सायकल खूप जाडी आहे."

उलट जबाब आला, "तुज्या आईला सांग, सायकल न्हाय जाडी, तिचे डबे जाडे हायती. चकल्याच चार किलो आनल्यात!"

वकील माघारी आली आणि तर्जुमा केला, "ही सेज इट्स योर चकलीज."

लिझी हंसली ती मोटारीमागे तोंड लपवून हंसली. बाईंनी दुसरा निरोप दिला, तोही छाटला गेला. तिसऱ्यास श्रीपतरावांनी फर्माविले की, "रस्त्यावर वारं हाय, वाऱ्याला कोन काय करनार? हळू चला म्हंजी झालं." सागररावांनी त्यास तत्काळ रुकार दिला की, "करेक्ट, साठनेच जाऊ. खलास." लॉरेन्स म्हणाले, "साठने गेलास तर मागून ट्रकवाला येऊन तुला फुवैरितला स्वतः पोचवील. बोल ना रे वडिलांशी, सागर! अख्खा बाप्या आहेस." सागरराव म्हणाले, "बघू," आणि ट्रेलराच्या टायरांस लाथ मारून हवा तपासूं लागले, जी हवा ठीकच होती.

मग बाईंनी चवथा निरोप भैरवीच्या कानीं घालण्यास वांकून पाहिले, तों वकील हाताची घडी घालून उभी राहिली आणि राजीनामा दिला, "नो. आय ॲम टायर्ड. तूच सांग ना, मम्मा. ही इज राइट देअर."

आणि खरेच, ते राइट देअर होते, बारा पावलांवर. तेव्हां बाईंनी प्रयोगशाळेतील ते पोलाद मनांत आणिले, जे ताणले जाते, ताणले जाते, काहीच दिसत नाही आणि मग एका क्षणी आवाज होतो. त्यांनी ओढणी कंबरेस खोंचिली. ट्रेलराच्या सावलीतून निघाल्या. लॉरेन्स बाजूस सरले, लिझीने हंसूं आवरले, सागररावांनी टायर सोडून दिला. बाई ड्रायव्हरच्या बाजूने न जातां थेट श्रीपतरावांच्या दारापाशी गेल्या आणि कांचेवर बोटाने टकटक केली. आंत श्रीपतरावांनी छताकडे पाहिले. मग भिंत शोधिली, गाडीत भिंत नव्हती. मग निरुपाय होऊन त्यांनी कांच खाली केली आणि सुनेच्या मुखाकडे पाहिले. दोघांसही असे ध्यानीं आले की, इतक्या वर्षांत हा मुलूख आपण नीट पाहिलाच नव्हता.

येणेप्रमाणे फुवैरितच्या मोहिमेची फत्ते अल खोरच्या उत्तरेस, पेट्रोल पंपाच्या आवारात, एकही वकील मध्ये न ठेवितां जाहली. रक्त सांडले नाही, अर्धा पेला चहा मात्र सांडला. ज्या शब्दांनी ही फत्ते जाहली, ते शब्द एकाक्षर न बदलतां येथे दाखल केले आहेत:

"बाबा, तुमची सायकल आत पलंगावर जाईल आणि सागरची बाहेर लटकेल. उतरा खाली, आणि एका बाजूनं धरा."