हँबर्ग ते मार्सेलिस, व्हाया मोहने

माणसाने एखादी गोष्ट ठरवली की ती पूर्ण तयारीनिशी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी आमच्या वर्तकनगरच्या कॉलनीत इतक्यांदा मांडलंय, की जिन्यात मी दिसलो की लोक घड्याळ बघायला लागतात. तरी सांगतो. एक्याण्णवच्या दिवाळीत मी ठरवलं, की येत्या मे महिन्यात हँबर्गपासून मार्सेलिसपर्यंत, म्हणजे युरोपच्या वरच्या अंगापासून खाली भूमध्य समुद्रापर्यंत, मी स्वतः गाडी चालवत जाणार. पंधराशे किलोमीटर. तोपर्यंत मी सायकलशिवाय काही चालवलेलं नव्हतं, पण तो तपशील झाला.

गाडीची सोय होती. माझा मेव्हणा दौलत बोटीवर फिटर होता, तो एकदा हँबर्गला उतरला आणि तिथलाच झाला. त्याने पत्रात लिहिलं होतं, "भावजी, सगळे या. माझी व्हॅन न्या. मला रजा नाही, चालवायचं मात्र तुम्हालाच." सगळे म्हणजे मी, माझी बायको कांता आणि चेंदणी कोळीवाड्यात राहणारे माझे आईबाबा.

आता खरं कारण सांगतो. माझे बाबा, दामाजी, चाळीस वर्षं होडीवर तांडेल होते. तांडेल म्हणजे ज्याच्या हातात सुकाणू आणि ज्याच्या शब्दावर सगळे खलाशी. मी बारा वर्षांचा असताना त्यांनी मला पहिल्यांदा खाडीबाहेर नेलं, आणि परत येईपर्यंत मी बालदीत तोंड घालून बसलो होतो. त्यानंतर बाबांनी मला होडीत कधी बोलावलं नाही. मी शिकलो, कंपनीत स्टोअर कीपर झालो, ब्लॉक घेतला. पण बाबांच्या हिशेबात मी माणूस चांगला, हाती काही सोपवण्यासारखा नव्हे. मला एकदाच, फक्त एकदा, तांडेल व्हायचं होतं. सुकाणू माझ्या हातात, बाबा मागे बसलेले, आणि त्यांच्या तोंडून एक वाक्य, की पोरगा बरा हाकतो.

त्यांना तयार करायला मला एक संध्याकाळ पुरली.

"बाबा, तिकडच्या समुद्राला भरती-ओहोटी दिसतच नाही म्हणे."

"भरती नाय तो दर्या कसला? तलाव झाला." बाबांनी विणायला घेतलेलं जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "बगाला पायजे. गाडी कोन हाकनार?"

"मी."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई बोंबील साफ करत होती, तिने मान वर केली नाही. तो क्षण मला पुरला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी चांगदेवच्या मोटार ट्रेनिंग स्कूलच्या दारात उभा होतो.

कांता माझ्यासोबत होती. "तुम्हाला मध्येच कुठे बरं वाटेनासं झालं तर आपण काय रस्त्यात बसून राहायचं का?" असं म्हणून तिनेही नाव घातलं. मी हसलो. म्हटलं, शिकू दे, हौस आहे.

चांगदेव माणूस कडक. त्याने पंधरा दिवसांत आम्हा दोघांना क्लच, ब्रेक, गिअर सगळं शिकवलं, आणि मला माजिवड्याच्या नाक्यावर एकदा रडवलंही. पण सोळाव्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. युरोपात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात! म्हणजे हा मला जे शिकवतोय ते तिकडे गेल्यावर सगळं विसरायचं. हाताला दोन-दोन सवयी कशाला लावायच्या?

"चांगदेव, उद्यापासून मला उजवीकडून शिकवा."

"साहेब, घरी काही भांडण झालंय का?"

"नाही. मला मार्सेलिसला जायचंय."

"तुम्ही माजिवड्यालासुद्धा पोचणार नाही."

माझा निश्चय असल्या बोलण्याने ढळणारा नव्हता. माझा दोस्त त्र्यंबक मोहन्याला राहायचा. तिथे कारखान्याच्या वसाहतीत रुंद रस्ते होते, आणि रविवारी दुपारी त्यांवर बकऱ्यांशिवाय कोणी नसायचं. त्र्यंबककडे जुनी फियाट होती. सलग सहा रविवार मी त्या फियाटमधून मोहन्यात उजवीकडून युरोपचा सराव केला. पाण्याची टाकी म्हणजे फ्रँकफर्ट, रेशनचं दुकान म्हणजे बाझल, आणि पिठाची गिरणी आली की फ्रान्सची हद्द सुरू. त्र्यंबक बाजूला बसून देवाचं नाव घ्यायचा. बकऱ्या मात्र तिसऱ्या रविवारपर्यंत डावीकडे उभ्या राहायला शिकल्या.

घरीही खंड नव्हता. दौलतच्या व्हॅनला गिअर उजव्या हाताशी होता, म्हणून मी रोज संध्याकाळी खुर्चीत बसून मांडीवर परात धरायचो आणि उजवीकडे तांदळाच्या डब्यात लाटणं खुपसून गिअर टाकायचो.

"अहो, लाटणं द्या. पोळ्या व्हायच्यात."

"थांब, मी घाटात आहे. इथे गिअर काढला तर गाडी दरीत जाईल."

"मग दरीतच जेवा."

रस्त्यानेही मी उजवीकडून चालायचो. जिना उजवीकडून चढायचो. खालच्या मजल्यावरच्या विमलाबाईंशी माझी तीनदा टक्कर झाली, शेवटच्या वेळी त्यांच्या हातात ताकाचं पातेलं होतं. पण सहा आठवड्यांत हे अंगात इतकं मुरलं, की मी झोपेतसुद्धा उजव्या कुशीवर वळायला लागलो. कांता मला म्हणाली, "अहो, आधी इथलं लायसन मिळू द्या. तिकडचं तिकडे गेल्यावर बघू." ती बिचारी चांगदेवकडे डावीकडूनच शिकत राहिली. मला तिची कीव यायची.

टेस्टच्या दिवशी बाबा मुद्दाम आरटीओत आले होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. हंगामाची पहिली होडी दर्यात घालताना करतात तशी त्यांनी चांगदेवच्या गाडीला हळदकुंकू लावलं, चाकापुढे नारळ वाढवला आणि मला म्हणाले, "जा. आज बगतो." एवढंच. पण मला वाटलं, हेच ते.

एका गाडीतून चौघांची टेस्ट असते. पुढे मी, बाजूला इन्स्पेक्टर साहेब, मागे कांता आणि आणखी दोघं. साहेब म्हणाले, "चला." मी आरसा बघितला, हात दाखवला, क्लच इतका अलगद सोडला की साहेबांनी कौतुकाने मान हलवली. आणि गाडी गेटबाहेर काढून मी सरळ रस्त्याच्या उजव्या बाजूला घेतली.

साहेबांना आधी वाटलं, मी खड्डा चुकवतोय. खड्डा संपला. मी उजवीकडेच. समोरून एक स्कूटर आली आणि किंचाळत फुटपाथवर चढली. मग टेम्पो आला, तो शिव्या देत बाजूने गेला. मग बस आली. ती कुठे जाणार?

मी हॉर्न वाजवला. बसने वाजवला. मी थांबलो, बसही थांबली. नाकाला नाक.

"अहो, काय करताय?" साहेब ओरडले.

"साहेब, चूक त्याची आहे. तो माझ्या बाजूने आलाय."

खरं सांगतो, मला त्या क्षणी शंभर टक्के तसंच वाटत होतं. बसचा ड्रायव्हर खाली उतरून आला. साहेबही उतरले. मागे रिक्षा, सायकली, उसाची हातगाडी, सगळं साचलं. "गाडी मागे घ्या," कोणीतरी ओरडलं. मी रिव्हर्स टाकायला उजवा हात घातला. तिथे लाटणं नव्हतं. गिअर कुठे आहे तेच मला आठवेना. मी दाराचं हँडल ओढलं आणि दार उघडलं.

"सरका," मागून कांता म्हणाली.

ती खाली उतरून पुढे आली, मला बाजूच्या सीटवर ढकललं, आरशात बघितलं, आणि गाडी त्या गर्दीतून मागे घेत घेत, हातगाडीला केसभरही न लावता, डावीकडे नेऊन उभी केली. साहेबांनी घाम पुसला. "बाईंची टेस्ट झाली," ते म्हणाले. माझ्या फॉर्मवर त्यांनी जे लिहिलं ते वाचायला मला चष्मा लागला नाही.

बाबा गेटवरून सगळं बघत होते. ते माझ्याकडे आले नाहीत. कांताजवळ गेले आणि फुटलेल्या नारळाची एक वाटी तिच्या हातात ठेवली.

मी हार मानली नाही. आठवड्याने परत टेस्ट दिली. पहिल्याच वळणावर हात आपोआप स्वित्झर्लंडच्या दिशेने गेले. त्यानंतर आठवड्याने पुन्हा. तोच साहेब मला बघून जेवायला निघून गेला. एप्रिल संपला, तिकिटं हातात आली, आणि परदेशात गाडी चालवायचं परमिट घरात एकच होतं, कांताच्या नावाचं. बाबांनी कोळीवाड्यात सगळ्यांना सांगून टाकलं, "आमची सून तांडेल." मी सगळ्यांना सांगितलं, की नकाशाचं काम जास्त जोखमीचं असतं.

आम्ही गेलो. हँबर्गला दौलतच्या दारातून व्हॅन निघाली. कांता सुकाणूवर, बाजूला मी, मागे आईबाबा. पहिल्या चौकात कांता वळली आणि चांगदेवने घोटवलेल्या सवयीने सरळ रस्त्याच्या डाव्या बाजूला शिरली. समोरून घराएवढा ट्रक.

"उजवीकडे! कांता, उजवीकडे!"

तिने शांतपणे व्हॅन उजवीकडे घेतली. ट्रक शेजारून गेला. माझी छाती फुगली होती. सहा रविवार, ताकाचं पातेलं, सगळं वसूल झालं होतं. चौघांचा जीव मी वाचवला होता. मी मोठ्या अभिमानाने मागे वळून बाबांकडे पाहिलं.

बाबा टोपी डोळ्यांवर ओढून गाढ झोपले होते.

"वरडू नको रं," आई हलकेच म्हणाली. "चाळीस वर्सांत कोनाच्या होडीत डोला मिटला नाय त्यांनी. तिच्यावर इस्वास टाकून झोपलेत."

पुढचे पंधराशे किलोमीटर मी "उजवीकडे" हे अगदी कुजबुजत म्हटलं.