टाकायचा कप

संगणकामुळे जगाची घडी विस्कटणार, असं आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात हसलो. ही शहाण्णव सालची गोष्ट. आमच्या सांगलीच्या ऑफिसात एक संगणक आला होता. त्याला वेगळी खोली, खोलीला एसी, आत जाताना चपला बाहेर काढायच्या, आणि यंत्रावर कायम कव्हर! आता मला सांगा, जे स्वतःच पांघरूण घेऊन झोपलंय ते कुणाची घडी काय विस्कटणार?

घडी विस्कटणारी वस्तू मला एसटी स्टँडजवळच्या दुकानात सापडली होती. पांढराशुभ्र, हलकाफुलका प्लॅस्टिकचा कप! चहा प्या आणि टाकून द्या. विसळणं नाही, कान तुटणं नाही, बशी शोधणं नाही. शेजारच्या टेबलावरचे नानासो म्हणाले, कप तो कप, त्यात कसलं आलंय तंत्रज्ञान? मी त्यांना मधली सुट्टीभर समजावलं. शेवटी म्हणालो, रविवारी आमच्या घरभरणीला या आणि डोळ्यांनी बघा. नानासोंना त्या दिवशी तासगावला लग्न होतं. सुटले बिचारे.

घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे नळ असलेलं चिमूटभर अंगण. पण स्वतःचं! आईआबा औंधजवळच्या आमच्या गावाहून आठवडाभर आधीच येऊन राहिले होते. आबांनी सगळ्या भिंतींवरून एकदा हात फिरवला आणि लगेच मुद्द्यावर आले. लालासाहेबांना बोलवायचं.

लालासाहेब आणि आबा एका वयाचे. तरुणपणी दोघं कोयनेच्या धरणावर बरोबरच कामाला गेले. तिथे एका खोलीत राहिले, जर्मनच्या एकाच पेल्यातून चहा प्यायले. काम संपल्यावर गावी परतले, आणि गाव म्हणजे गाव! लालासाहेब मराठ्यांच्या आळीत, आम्ही बौद्धवाड्यात. लालासाहेबांच्या आईने आबांसाठी कान तुटलेला एक कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवला. आबा त्यांच्याकडे गेले की त्यात वरून चहा ओतायचे. पिऊन झालं की आबा तो स्वतः धुवायचे आणि पालथा घालून कोनाड्यात ठेवायचे. पुढे म्हातारी गेली, कप मात्र राहिला. लालासाहेब कधी आमच्याकडे आलेच तर दारातच उभे राहून म्हणत, "आत्ताच घिऊन आलोय." वर्षानुवर्षं हा माणूस आमच्या दारात येण्याआधी 'आत्ताच' चहा घेऊन येत होता.

म्हणून आबांना एकच गोष्ट बघायची होती. लालासाहेब येतील का, आणि आले तर आमच्या घरात चहा घेतील का. बाकी माणसं आली काय, न आली काय. त्यांनी मिरजेला जाऊन चिनी मातीच्या सहा कपबश्या आणल्या होत्या, गुलाबाच्या फुलांच्या, सोनेरी काठाच्या. आईने त्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या. मी म्हणालो, आबा, आता कपबश्यांचा जमाना गेला. आबा म्हणाले, "पाव्हण्यांस्नी तुला कळतंय तसं दे. लालासाहेबांचं मी बघतो." हे दुसरं वाक्य माझ्या कानात गेलं, डोक्यात गेलं नाही. डोक्यात क्रांती होती ना!

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली आणि चहा सुरू झाला. पहिल्या पाच मिनिटांत मला कळलं की क्रांतीला चटके असतात. कप इतके पातळ की चहा ओतल्यावर ते मऊ पडत. घट्ट धरला तर चहा वर येई, सैल धरला तर खाली जाई. आटपाडीहून आलेल्या मावशीने पदराने धरला आणि पदरासकट चहा मांडीवर घेतला. पंखा लावला तर रिकामे कप घरभर पळायला लागले. बायको, आम्रपाली, दर दोन मिनिटांनी स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत नव्हतो.

दुपारच्या आत लालासाहेब आले. पांढरं धोतर, फेटा, हातात नारळ. दारात थांबले. आबांनी श्वास धरला तो मला ऐकू आला! लालासाहेबांनी चपला काढल्या, आत आले आणि खुर्चीवर बसले. खोलीत आमची सगळी भावकी होती. बोलणं आपोआप खाली आलं. आबा लगबगीने आत गेले, ट्रंक उघडायला. ट्रंकेची किल्ली आईच्या कमरेला, आई मागच्या दारी भांड्यांत. एवढी फट मला पुरली.

मी ट्रे घेऊन पुढे झालो. म्हणालो, काका, घ्या चहा.

लालासाहेब 'आत्ताच घिऊन आलोय' म्हणाले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. माझ्या जन्मात पहिल्यांदा! कप घेतला आणि त्यांचा दुसरा हात सवयीने खाली गेला, बशीसाठी. खाली काहीच नव्हतं.

"बशी?"

मी म्हणालो, बशी लागतच नाही, काका.

"आन् पिल्यावर?"

या प्रश्नाची तर मी सकाळपासून वाट बघत होतो. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "टाकून द्यायचा! तुम्ही प्यायलेला कप पुन्हा घरात घ्यायचाच नाही."

आबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, दोन्ही हातांत एक गुलाबाची कपबशी. लालासाहेब आबांकडे बघत होते, आबा लालासाहेबांच्या हातातल्या कपाकडे. कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, चहा गरम आहे म्हणून अडलंय. मी म्हणालो, फुंकर मारा, काका.

आम्रपालीने मला दंडाला धरून आत ओढलं. तिने हळू आवाजात विचारलं, "कोनाडा आठवतोय का तुम्हाला?"

तेव्हा ते माझ्या डोक्यात गेलं. आबांना वाटत होतं, लालासाहेबांनी मुद्दाम टाकायचा कप मागून घेतला, आमच्या घरच्या कपाला तोंड लावायला नको म्हणून. आणि लालासाहेबांना वाटत होतं, धनाजीने, म्हणजे आबांनी, इतक्या वर्षांचा हिशेब आज भरल्या घरात चुकता केला. दोघांच्या मधे मी, हातात रिकामा ट्रे घेऊन, तंत्रज्ञान समजावत होतो! मला आबांच्या तोंडाकडे बघवेना. माझ्या घराच्या पहिल्याच दिवशी मी त्यांच्या आयुष्यभराच्या वाट बघण्याचं मातेरं केलं होतं.

बाहेर येऊन बघतो तर लालासाहेबांनी तो कढत चहा एका दमात पिऊन टाकला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं, चटक्याचं की कशाचं ते कळत नव्हतं. ते उठले. संपलं, मी मनात म्हणालो. आता फेटा सावरतील आणि विट्याची एसटी धरतील. आबा जागचे हलले नाहीत.

लालासाहेब चपला न घालताच अंगणात गेले आणि नळाखाली उकिडवे बसले. त्यांनी तो प्लॅस्टिकचा कप धुतला. आतून बोट फिरवून, बाहेरून हात फिरवून, नीट. मग कंपाउंडच्या भिंतीवर पालथा घातला. वाऱ्याने तो खाली पडला. त्यांनी उचलला, पुन्हा धुतला, पुन्हा पालथा घातला आणि वर एक खडा ठेवला. सगळी माणसं दारात गोळा होऊन बघत होती.

आबा कपबशी घेऊन तसेच अंगणात उतरले.

"लाला," ते म्हणाले. गावात चारचौघांत ते कायम 'लालासाहेब' म्हणायचे. लाला हे नाव कोयनेचं. "लाला, त्यो धुवायचा नसतो रं. टाकायचा असतो."

"ऐकलं मी. पोरानं सांगितलं." लालासाहेबांनी ओले हात धोतराला पुसले. "कोनाड्यातला तुझा बी टाकायचाच व्हता, धनाजी. मी टाकला न्हाई, तू धुवत ऱ्हायलास."

आबा म्हणाले, "पोरगं खुळं हाय. त्येच्या मनात काय नव्हतं."

"खुळं असू दे. बरं केलं त्यानं."

"मग आता घरातला चा घेणार, का आत्ताच घिऊन आलायस?"

लालासाहेब आधी हसले, मग त्यांनी फेट्याच्या टोकाने डोळे पुसले. आबांनी भिंतीवरचा कप उचलला, पायाखाली घेतला आणि काडकन मोडला.

आता घरात दूध कुठे उरलंय? माझ्या क्रांतीने निम्मं लोकांच्या मांडीवर सांडलं होतं. आईने पातेलं खरवडून एकच कप चहा केला. आता ह्या एका कपाचं काय करायचं, म्हणून मी पुन्हा पुढे होणार होतो, आम्रपालीने मागून शर्ट धरला. लालासाहेबांनी निम्मा चहा बशीत ओतला, बशी स्वतःकडे ठेवली आणि कप आबांच्या हातात दिला. दोघं उंबऱ्यावर शेजारी शेजारी बसून फुर्र फुर्र करत प्यायले. एका कपात दोघांची सोय फक्त बशीमुळे होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. माझ्या तंत्रज्ञानात ती सोय नव्हती.

सोमवारी नानासोंनी विचारलं, विस्कटली का घडी? मी म्हणालो, विस्कटली. कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आता आमच्याकडे येईल त्याला गुलाबाच्या कपात चहा मिळतो. लालासाहेब तर महिन्या-दोन महिन्यांनी येतातच, आणि आत्ताच घेऊन आलेले नसतात. मला मात्र आबांच्या हुकमाने प्लॅस्टिकच्या कपात. उरलेले कप संपेपर्यंत, असं ठरलंय. मी रोज प्यायलेला कप निमूटपणे टाकतो, आणि आई तो रोज उचलून, धुऊन, पुन्हा फडताळात ठेवते.