एकमताने घेतलेला गेमिंग कॉम्प्युटर

कोणतीही वस्तू विकत घेण्याची योग्य वेळ ती विकत घेतल्यानंतर साधारण महिन्याभराने येते, हा व्यवहाराचा मूलभूत नियम आहे. तोवर भाव उतरलेले असतात, नवं मॉडेल आलेलं असतं, आणि शेजाऱ्याने तीच वस्तू स्वस्तात आणून वर एक माऊस फुकट मिळवलेला असतो. घाईने खरेदी करून पस्तावणारे गल्लोगल्ली सापडतात. काहीही खरेदी न करता, सावकाशीने, विचारपूर्वक पस्तावण्यासाठी मात्र घराण्यात संस्कार असावे लागतात. ते आमच्या घराण्यात आहेत. आमच्याकडे एकमत झाल्याशिवाय सुईसुद्धा येत नाही. (सुईवर एकमत होईपर्यंत मी पँटला टाचण्या लावून एका लग्नाला जाऊन आलो. टाचण्यांनी आपलं काम चोख केलं. फक्त मला बसता आलं नाही.)

त्यामुळे वयाच्या बासष्टाव्या वर्षी आमच्या वहिनीने "मला गेम खेळायचा कॉम्प्युटर हवाय" असं जाहीर केलं तेव्हा कोणी हसलं नाही. माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, चष्मा पुसला आणि गंभीरपणे विचारलं, "बजेट?"

आता वहिनीला या वयात गेम कशाला, असं तुम्ही विचाराल. तिचा मुलगा लांब असतो, विमानाने जावं लागतं इतका लांब. फोन नियमित यायचा. "जेवलास?" "हो." "तब्येत?" "बरी." "बाकी?" "बाकी काही नाही." संपला फोन. गेल्या खेपेला आला तेव्हा तो आपला जुना लॅपटॉप इथे ठेवून गेला आणि जाताना आईला एक गेम शिकवून गेला. एक ट्रक, त्यात दोघं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने नकाशा बघून रस्ता सांगायचा. जन्मात सायकलला हात न लावलेली वहिनी ट्रक चालवू लागली आणि मुलगा हजारो मैलांवरून रस्ता सांगू लागला. आणि काय चमत्कार! फोनवर चार वाक्यांत आटपणारा पोरगा ट्रकमध्ये दोन दोन तास बोलायचा. "डावीकडे घे आई. आमच्या ऑफिसात ना, एक म्हातारा साहेब आहे. हां, आता सरळ. तो रोज माझ्याच खुर्चीत येऊन बसतो." समोरासमोर बसून मुलं आईशी बोलत नाहीत, दोघांची नजर रस्त्यावर असली की बोलतात, असं वहिनीचं शास्त्र आहे.

एका रविवारी लॅपटॉपच्या पंख्याने पिठाच्या गिरणीचा सूर लावला, मग जळका वास आला, आणि लॅपटॉपने ऐन प्रवासात देह ठेवला. टोमॅटोंनी भरलेला ट्रक गेममधल्या एका पेट्रोल पंपावर तसाच उभा राहिला.

"आई, ट्रक उभा आहे हं. तुझ्याशिवाय मी हलवत नाही," मुलगा फोनवर म्हणाला.

"बाकी?"

"बाकी काही नाही."

फोन ठेवून वहिनी माझ्याकडे वळली. "भावोजी, आजचं 'काही नाही' वेगळं होतं हो. त्याला काहीतरी सांगायचंय. ट्रक लवकर चालू व्हायला हवा."

प्रकरण तातडीचं असल्यामुळे लगेच समिती नेमण्यात आली.

अध्यक्ष अर्थातच दादा. तो पाणीपुरवठा खात्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झाला. नोकरीत असताना त्याने एका विहिरीसाठी पंपाची निवड इतक्या काळजीपूर्वक केली होती की दरम्यान विहीरच आटली, आणि पंपाचा अख्खा खर्च वाचला. त्याबद्दल त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. तांत्रिक सल्लागार म्हणून दादाचे जावईबापू. त्यांनी कॉम्प्युटर निवडीचे व्हिडिओ इतके पाहिले आहेत की स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायला त्यांना सवड झालेली नाही. त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती असतं. विजेच्या बाजूला शेजारचे इलेक्ट्रिशियन. त्यांना सगळे स्टॅबिलायझर म्हणतात, कारण जगातल्या कोणत्याही बिघाडाचं, मग तो फ्रिजचा असो की संसाराचा, मूळ कारण व्होल्टेज असतं असा त्यांचा सिद्धांत आहे. मी सामान्य सदस्य. (कार्यक्षेत्र: चहा.) वहिनीला लाभार्थी म्हणून बैठकीला हजर राहण्याची मुभा होती.

पहिल्याच बैठकीत दादाने कळीचा मुद्दा काढला. "टोमॅटो किती दिवस टिकतील?"

"बाबा, गेममधले टोमॅटो नासत नाहीत," जावईबापू म्हणाले.

"मग घाई नाही," दादा म्हणाला, आणि सगळ्यांनी समाधानाने चहा घेतला.

वहिनीने दरम्यान मुलालाच फोनवर विचारलं. "कुठलाही जुना घे गं," तो म्हणाला. "गेम साधा आहे. त्या डबड्या लॅपटॉपवर चालायचा की!" हे मत समितीपुढे ठेवण्यात आलं. परंतु ते गैरहजर माणसाचं असल्याने, आणि त्यात चर्चेला काही वावच नसल्याने, ते फेटाळण्यात आलं.

जिज्ञासूंसाठी थोडं शास्त्र सांगतो. गेमिंग कॉम्प्युटरात प्रोसेसर म्हणजे मेंदू, ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्रं काढणारा हात, मदरबोर्ड म्हणजे सगळ्यांना धरून ठेवणारी घरची बाई, आणि पॉवर सप्लाय म्हणजे कमावता माणूस. बजेट म्हणजे या सगळ्यांना एका पांघरुणात झोपवणं. डोकं झाकलं की पाय उघडे. अशा वेळी जो उच्चारला जातो तो मंत्र आपल्या भाषेत फार जुना आहे: थोडक्यासाठी कशाला?

प्रोसेसर ठरला. "बाबा, याच्यापेक्षा थोडासाच महाग आहे याचा मोठा भाऊ. थोडक्यासाठी कशाला?" मोठा भाऊ घेतला. त्याला आधी धरलेला मदरबोर्ड बसेना. थोडक्यासाठी कशाला, नवा धरला. नव्या बोर्डावर हलकं कार्ड शोभेना. कार्ड थोडं भारी केलं, त्याला पॉवर सप्लाय पुरेना. पॉवर सप्लाय वाढवला तर स्टॅबिलायझर म्हणाले, एवढी ताकद घेऊन वर असला प्रोसेसर? थोडक्यासाठी कशाला? अशी प्रदक्षिणा पूर्ण झाली की समिती पुन्हा मूळ बजेटवर यायची आणि दुसऱ्या दिशेने निघायची. समितीने पाहणीही केली. ज्यांनी कॉम्प्युटर घेतले आहेत अशांपैकी शंभर टक्के लोकांनी आपण घेतला तोच सर्वोत्तम असल्याचं सांगितलं. त्यांतल्या नव्वद टक्क्यांनी लगेच, "तुम्हाला हवाय का? किती द्याल?" असंही विचारलं. उरलेल्या दहा टक्क्यांनी दार लावून घेतलं.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी जावईबापू मोबाईलमधून डोकं वर काढून म्हणायचे, "पुढच्या महिन्यात कार्डांची नवीन सिरीज येतीये. आत्ता घेणं म्हणजे वेडेपणा." ते शब्दाचे पक्के. ती दर महिन्याला यायची.

तथापि समितीने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ज्या ज्या वस्तूवर एकमत झालं ती ती वस्तू त्वरित आणण्यात आली. सर्वांत आधी मॉनिटर, कारण कॉम्प्युटरचा पाहुण्यांना दिसणारा भाग तेवढाच. जावईबापूंनी एका सेकंदात एकशे पासष्ट वेळा चित्र बदलणारा, मोठा, वक्र मॉनिटर सुचवला.

"वाकडा माल कशाला घ्यायचा?" दादाने विचारलं.

"बाबा, तो डोळ्यांभोवती येतो."

"डोळे कुठे पळून चाललेत?"

"कुठलाही चालेल हो," वहिनी म्हणाली. हे एकमत धरण्यात आलं.

मग काचेचं कॅबिनेट आलं. कॅबिनेट म्हणजे ज्यात बाकीचे सगळे भाग बसतात ते खोकं. त्याला पुढे रंग बदलणारे तीन पंखे होते. मग खालून उजेड पाडणारा कीबोर्ड आला. (अंधारात टाइप करता यावं म्हणून. दिवा लावण्यावर एकमत झालं नव्हतं.) मग गेमिंगची खुर्ची आली. तिच्यात दादाला दुपारची झोप छान लागते, हे लगेच सिद्ध झालं. आता बजेटमध्ये जी रक्कम उरली ती ग्राफिक्स कार्डाच्या चर्चेपुरती होती.

पण वस्तू आणून नुसत्या ठेवणं बरं नव्हे. स्टॅबिलायझरांनी कॅबिनेटचे पंखे आणि दिवे एका वेगळ्या अडॅप्टरला जोडून दिले. रोज संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत रिकामं खोकं लाल, निळं, जांभळं होत गरगरू लागलं. पाहुणे यायचे, स्तब्ध व्हायचे. "आवाज अजिबात नाही!" "तापतही नाही हो!" काळ्याभोर मॉनिटरमध्ये एका मावशींना आपला चेहरा दिसला. त्यांनी केस सारखे केले आणि म्हणाल्या, "किती खरं दिसतं नाही?" जावईबापू म्हणाले, "एकशे पासष्ट आहे ना."

वहिनी मात्र त्या काळ्या काचेसमोर बसायची आणि फोन कानाला लावायची. "बाकी?" विचारायची. मग बराच वेळ नुसती ऐकत असायची. पलीकडून कोणी बोलत असल्यासारखं मला तरी वाटत नसे.

एका दुपारी तिने मला खुणेने बाहेर बोलावलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने आपला चांगला चालता कॉम्प्युटर, नवं मॉडेल आल्याच्या दुःखात, विकायला काढला होता. रंग मळकट, एका कोपऱ्याला पोचा. किंमत समितीच्या कीबोर्डएवढी. दादा गेमिंगच्या खुर्चीत घोरत असताना आम्ही दीर-भावजयीने ते धूड चादरीत गुंडाळून आत आणलं, टेबलाखाली सरकवलं, वायर मागून मॉनिटरला जोडली आणि पुढे टेबलक्लॉथ ओढला.

"कोणाला बोलू नका हं, भावोजी."

"वहिनी, मी समितीचा सदस्य आहे. माझं कोण ऐकतंय?"

रविवार उजाडला. समिती बैठकीसाठी खोलीत शिरली तर समोर पडदाभर रस्ता. वहिनी ट्रक चालवत होती, स्पीकरमधून मुलगा रस्ता सांगत होता, आणि टेबलावर काचेचं खोकं नेहमीसारखं गरगरत होतं.

"कार्ड कोणी आणलं?" दादाने दरडावून विचारलं.

स्टॅबिलायझरांनी काचेला नाक लावलं. "दादा, आत कार्ड नाही. बोर्ड नाही. काहीच नाही."

विज्ञानाच्या इतिहासात असे क्षण क्वचित येतात.

"एअरफ्लो," जावईबापू हलक्या आवाजात म्हणाले. "सगळ्या व्हिडिओंमध्ये सांगतात बाबा. आत हवा खेळती पाहिजे. आपल्याकडे आत दुसरं काही नसल्यामुळे ती पूर्णच खेळतीये."

"म्हणजे कार्ड लागतच नाही."

"व्होल्टेज स्थिर असेल तर," स्टॅबिलायझरांनी दुरुस्ती सुचवली. ती मान्य झाली. ग्राफिक्स कार्डाच्या विषयावर आमच्या घरात झालेलं हे पहिलं एकमत. तिघं खोक्याभोवती वाकले आणि पंखे नेमके कसे फिरतात ते कान लावून ऐकू लागले.

त्याच वेळी ट्रकने एक टोलनाका ओलांडला. स्पीकरमधून मुलाचा आवाज आला, "आई, सरळच जा. आई... माझी नोकरी गेली गं."

वहिनीने ब्रेक लावला नाही. "कधी?"

"ट्रक उभा राहिला ना, त्याच आठवड्यात. चार महिने झाले."

"बरं. पुढे डावीकडे का?"

"नाही, सरळ. एकट्याने घरात बसवत नाही गं. बाबांना नको सांगूस."

"मी रस्त्याकडे बघतेय," वहिनी म्हणाली. "तू बोल."

"अगं!" दादा खोक्याला लावलेला कान न काढता म्हणाला, "त्याचा आवाज जरा कमी कर. पंखे ऐकू येत नाहीयेत."

वहिनीने आवाज कमी केला आणि खुर्ची पुढे ओढली. टोमॅटो पोचेपर्यंत तिघांचा अहवाल तयार होता, आणि वहिनीच्या पदराचं एक टोक ओलं होतं. अहवालाची खूप वाहवा झाली. आळीतल्या कित्येकांनी रिकामी कॅबिनेट आणून पंखे सुरू केले. काहींच्या पडद्यावर काहीच दिसेना, त्यांना स्टॅबिलायझरांनी व्होल्टेज बघायला सांगितलं आहे. दादाचा शाल देऊन सत्कार झाला. विहिरीच्या प्रशस्तिपत्राशेजारी आता त्याचा फोटो आहे.

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. टेबलाखालचं गुपितही कोणापासून लपवलेलं नाही. ऐकून झालं की प्रत्येक जण खुर्ची पुढे ओढतो, आवाज खाली आणतो आणि एकच विचारतो: झेरॉक्सवाल्याच्या त्या डब्यात कार्ड कोणतं होतं, आणि केवढ्याला पडलं? तुमच्याही ओठांवर तेच आलेलं दिसतंय. सांगितलं असतं, पण आत्ता विचारणं म्हणजे वेडेपणा. पुढच्या महिन्यात नवीन येतंय.

(मुलाचं पुढे काय झालं, हे विचारायला अजून कोणी आलेलं नाही. ती माहिती माझ्याकडे पॅकबंद पडून आहे.)