तात्यांनी मला उभं केलं

आमच्या सणसरच्या वस्तीवर लोकप्रतिनिधी व्हायच्या लायकीचं एकच माणूस होतं, ते म्हणजे मी. हे माझं मत नाही, खुद्द आमचे गावपुढारी तात्या यांचं होतं. पंचायत समितीची आमची जागा बायकांसाठी राखीव झाली आणि तात्या माझ्या पिठाच्या गिरणीत आले. पक्षाचं तिकीट त्यांनी सुनेला, पायलला, मिळवून दिलं होतं. तरी मला म्हणाले, "राजेश्वरी, तू अपक्ष उभी राहा. कागदपत्रं आमी बघतो, तू नुसती सही कर."

माझे मालक अनुप म्हणाले, तात्या कुणाला फुकट चहासुद्धा पाजत नाहीत. मी त्यांना जळकुटे म्हणून गप्प केलं.

अर्ज भरला, निशाणी शिलाई मशीन मिळाली, आणि तात्यांचा निरोप आला की आता घरी बसायचं, प्रचार करायचा नाही. मला राग आला. बसायचंच होतं तर उभी कशाला राहिले? वस्तीवरच्या पोरी बारामतीला कॉलेजला जातात आणि एसटी त्यांच्या तोंडावर धूळ उडवून निघून जाते. तात्यांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. मग मी गिरणीतच भाषणं सुरू केली. दळण होईपर्यंत बायका जाणार कुठं? चक्कीच्या आवाजात ओरडून ओरडून माझा गळा चांगला तयार झाला. तात्यांच्या हक्काच्या चतुराबाईसुद्धा म्हणाल्या, औंदा मत एसटीला.

शेळगावची एक बाई तात्यांच्या विरोधात होती. निशाणी कपबशी, आणि नाव माझंच, राजेश्वरी शिंगाडे! मला वाटलं, योगायोग.

निकाल लागला. पायल अगदी थोडक्यात पडली, मी तिसरी आले. "राजेश्वरीताईंचा विजय असो" असं ओरडत मिरवणूक आली, तेव्हा मी हात जोडून गिरणीच्या दारात गेलेसुद्धा. गुलाल शेळगाववालीचा होता. मागोमाग तात्या आले, लालबुंद.

"तुला मतं मागायला कुनी सांगितलं हुतं? तिची मतं चुकून तुला पडावीत म्हणून तुला उभी केली. तू माझीच खाल्लीस!"

"म्हणजे माझ्यात काय बघितलं न्हाय तुमी? नुसतं नाव?"

"नाव चांगलं हाय," तात्या म्हणाले.

डोक्यात सणक गेली. बायका उन्हात रांगा लावून मत देऊन आल्या होत्या, आणि या गृहस्थाच्या हिशेबात ती सगळी चूकभूल! मी चक्की बंद केली आणि सांगितलं, वस्तीवर एसटी थांबेपर्यंत तुमचं दळण या गिरणीत होणार नाही.

दुसऱ्या दिवशी पायल आली, रिकाम्या हातानं. मला वाटलं, आता ही भांडणार. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, मला उभंच ऱ्हायाचं नव्हतं. तुमचं एसटीचं पटलं. मी माझं मत तुमालाच दिलं."

माझे डोळे भरून आले. पिठाच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. उमेदवारानं स्वतःला सोडून मला मत दिलं, आणखी काय पाहिजे?

"यंत्रावर तुमचं नाव लगेच सापडलं," ती म्हणाली. "कपबशी हुती ना शेजारी."

मी तिच्या खांद्यावरचं पीठ झटकलं.

"बरं केलंस, पायल," मी म्हणाले. "तुझं मत निवडून आलं."