कललेलं घर

कादिरने खांब हातात धरला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. दहा वाजले तरी तो सोडायची सोय नव्हती.

खांब म्हणजे वर बेळकं असलेली एक लांब काठी. त्या बेळक्यावर तुंदुक तोललेलं होतं. तुंदुक म्हणजे घराच्या छताचं लाकडी चाक, कादिरच्या आजोबांच्या वेळचं, धुरानं काळं झालेलं आणि चांगलंच जड. भोवती जाळीच्या भिंती उभ्या होत्या. भिंतीपासून चाकापर्यंत वासे चढवायचे, वर लोकरीचं जाड बुरणूस पांघरायचं, की कुरणावरचं उन्हाळ्याचं घर तयार. गेली तीस वर्षं हे काम चौघं मिळून करत: कादिर, त्याची बायको बुरुल, ओढ्यापलीकडच्या टेकाडामागं राहणारा सुयुन आणि त्याची बायको बाक्तिगुल. ज्याचं घर त्यानं मध्ये खांब धरायचा, बाकीच्यांनी समोरासमोरून वासे घालायचे. दुपारच्या चहाला दोन्ही घरं उभी असत.

पण या वसंतात एका लग्नाच्या जेवणात, पंधरा म्हाताऱ्यांच्या देखत, सुयुन बोलून गेला, "कादिरचं घर दरवर्षी पश्चिमेला कलतं."

"वासे तर तूच घालतोस," कादिर म्हणाला.

"खांब तर तूच धरतोस," सुयुन म्हणाला.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. सुयुनने जाहीर केलं की आपलं घर आपण एकट्यानं उभारू. कादिर कुणाच्या बापाला ऐकणार? त्यानंही तेच जाहीर केलं. बुरुलला तो माणसांत धरत नव्हता अशातला भाग नाही, पण जाहीर करताना 'एकट्यानं' हा शब्दच शोभून दिसतो.

आणि मुहूर्त तरी कुठला काढला! आज दुपारपर्यंत मुलीच्या, जिपारच्या, सासरची माणसं येणार होती. होणारी सासू तिच्या कानांत डूल घालणार, म्हणजे सोयरीक पक्की. जिपार तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती, ती पाहुण्यांना वाट दाखवत त्यांच्याच जीपमधून वर येत होती. कादिरचा मुलगा रशियात बांधकामावर, लोकांची घरं उभी करत. आणि इथं बापाचं घर म्हणजे तीन वासे आणि एक बाप.

तीनच वासे, आणि तेही सगळे एकाच बाजूला. चौथा घालायला बुरुल समोर धावली की चाक या बाजूला झुके. बुरुल परत इकडे आली की ते त्या बाजूला डोलू लागे. बरं, खाली उतरवावं तर वासे मोडणार. आणि तुंदुक जमिनीवर पडलं तर घराचं नशीबच पडलं, हे कुरणावरचं शेंबडं पोरही सांगेल. तेही डूल घालायच्या दिवशी!

"अहो, मी सुयुनभाऊजींना बोलावते."

"खबरदार! मी इथं वाळून खडखडीत झालो तरी चालेल."

"बरं. मग मी पाणी घेऊन येते."

"आत्ता पाणी?"

"पाहुण्यांना चहा काय तुमच्या घामाचा करू?" असं म्हणून बुरुलनं बादली उचलली आणि ती गेली.

कादिर एकटा राहिला. आधी त्याचं नाक खाजलं. मग पाठ. मग टोपी डोळ्यांवर घसरली. 'हात दाखवून अवलक्षण' म्हणतात, इथं तर दोन्ही हात वर दाखवून झालं होतं.

तेवढ्यात पाहुण्यांसाठी आणलेला मेंढा दावं सोडवून आत आला. बुरुलनं पहाटे उठून तळलेल्या बोरसोकांची, कणकेच्या फुगीर तुकड्यांची, परात भिंतीशी झाकून ठेवली होती. मेंढ्यानं फडकं बाजूला केलं आणि ती खुसखुशीत बोरसोकं एकेक करून खायला लागला.

"हट्! अरे, तुलाच कापायचाय, तू कसला जेवतोस!"

मेंढ्यानं वर पाहिलं आणि पुढचं बोरसोक उचललं. कादिरनं पाय झटकून बूट फेकला. मेंढा पळाला. पण आता एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा, त्यामुळं कादिर एका अंगाला कलला, आणि त्याच्याबरोबर तुंदुकही.

घोड्यावरून आसेक आजोबा चालले होते. भिंतींवर बुरणूस नसल्यानं जाळीतून सगळं उघडं दिसत होतं. आजोबांनी घोडा थांबवला, बराच वेळ पाहिलं.

"तू पण?" ते म्हणाले.

"मी पण काय? आजोबा, उतरा ना जरा! चार वासे घाला."

"उतरेन रे. पण मला परत वर कोण चढवणार? तुझे तर हात गुंतलेत." आणि आजोबा इतके हसत निघून गेले की घोडासुद्धा वळून बघायला लागला.

त्यात हसण्यासारखं काय होतं ते कादिरला कळेना. खाली दरीच्या वळणावर मात्र धुळीचा लोट उठलेला त्याला दिसला. जीप! सुयुन दिसला असता तर कादिरनं आत्ता त्याचे पाय धरले असते. अर्थात हात मोकळे असते तर.

आणि ओढ्याकडून हसण्याचा आवाज आला. बुरुल आली, रिकामी बादली हलवत. तिच्याबरोबर बाक्तिगुल.

"भाऊजी," बाक्तिगुल डोळे पुसत म्हणाली, "मी तुमच्याकडंच निघाले होते, तुम्हाला बोलवायला. ही ओढ्यावर भेटली, आमच्याकडं निघालेली."

"मला कशाला?"

"आमचे हे सकाळी सातपासून खांब धरून उभे आहेत. म्हणतात, मेलो तरी कादिरला हाक मारायची नाही."

कादिर इतका खदखदून हसला की चाक गदगदा हललं.

"हसा नंतर!" बुरुल ओरडली. "जीप आली!"

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. एक वासा इकडून, एक तिकडून, तीस वर्षांच्या सवयीनं, न बोलता. दहाव्या वाशाला बुरुल म्हणाली, "सोडा आता." कादिरनं भीत भीत हात काढले. तुंदुक जागच्या जागी राहिलं. त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की तो तसाच, एका बुटानं, ओढा ओलांडून टेकाडामागं पळाला.

सुयुन खांबाखाली उभा होता, तोंड लाल, मिशीवर एक माशी.

"काय करतोयस?" कादिरनं विचारलं.

"दिसत नाही? घर बांधतोय."

"जमतंय?"

"छान जमतंय." सुयुननं मिशीवर फुंकर मारून पाहिली. "ती माशी तेवढी हाकल."

कादिरनं माशी हाकलली. मग वासा उचलला. मागून बाक्तिगुल धावत आली आणि तिनं समोरचा धरला.

"तुझा बूट कुठाय?" सुयुननं विचारलं.

"मेंढ्याला मारला."

"लागला?"

"नाही."

"तुझा नेम पहिल्यापासून असाच," सुयुन म्हणाला, आणि दोन महिन्यांचा अबोला तिथं संपला.

सुयुनचं चाक वाशांवर टेकल्याबरोबर तिघं अलीकडं पळाले. जीप थांबेपर्यंत उरलेले वासे चढले. पाहुणे उतरेपर्यंत बुरणूस वर गेलं. दोऱ्या आवळताना जिपारनंही हात लावला, होणारा जावईही पुढं झाला. विहीणबाईंनी जिपारच्या कानांत चांदीचे डूल घातले तेव्हा बुरुलचे डोळे भरले आणि कादिरनं खूप वेळानं पोटभर श्वास घेतला. परातीच्या तळाला मोजकी बोरसोकं उरली होती, पण बाक्तिगुलनं आपल्या घरची पिशवी गुपचूप त्यात रिकामी केली.

व्याही होता सुतार. चहाचा वाडगा हातात घेऊन तो बाहेर गेला, एक डोळा मिटून घराकडं पाहिलं आणि आत येऊन जरा संकोचानं म्हणाला, "व्याहीबुवा, राग मानू नका, पण घर पश्चिमेला कलतंय."

कादिरनं सुयुनकडं पाहिलं. सुयुननं नजर चहात बुडवली.

"कलत नाही," कादिर म्हणाला. "पश्चिमेला याचं घर आहे. शेजाऱ्याकडं जरा झुकून उभं राहतं, एवढंच."

व्याह्यानं मान डोलावली. विहीणबाईंना तर ते फारच आवडलं, अशा घरची मुलगी मिळाली म्हणून त्यांनी जिपारला जवळ ओढलं.

सुयुननं बोरसोक गिळलं आणि वाडगा खाली ठेवला.

"मग वसंतात मी वेगळं काय म्हणालो होतो?"