ह्यांची फ्रेम कोणी नेली

"माझी नजर माणसावरून एकदा फिरली की त्याच्या खिशातल्या रुमालाला किती घड्या आहेत ते मी सांगतो," असं ताईचा धाकटा भाऊ कोणी न विचारता सांगत असे. नोकरी पाण्याचे मीटर वाचण्याची. पण मीटर वाचता वाचता आपण माणसं वाचायला लागलो, कोणाच्या पोटात किती लिटर पाप साचलंय ते आपल्याला बाहेरून दिसतं, असा त्याचा दावा. इमारतीतल्या दुधाच्या पिशव्या कोण फोडतं याचा छडा लावताना त्याने तीन बिऱ्हाडांना संशयित ठरवलं होतं आणि मांजराची साक्षीदार म्हणून नोंद केली होती. सगळे त्याला मामा म्हणत. त्यातली भाची तेवढी नात्याने म्हणत होती.

त्या भाचीचं लग्न त्या दिवशी ताईच्या घरी, पुढच्या खोलीत होतं. माणसं मोजून अकरा, सह्या घ्यायला आलेला एक अधिकारी, आणि फोटो काढायला एक चटपटीत मुलगी. मोठं लग्न का नाही, असं विचारणाऱ्यांना ताईने सांगून टाकलं होतं की जी माणसं लागतात ती एवढ्या खोलीत मावतात, आणि जी मावत नाहीत ती तशीही लागत नाहीत.

नवरीची अट एकच होती. सही करताना पाठीमागच्या भिंतीवर बाबा दिसले पाहिजेत. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. ताईने त्यांच्या फोटोची जुनी चौकट बदलून लग्नासाठी मुद्दाम नवी लाकडी करून आणली होती, आणि चार दिवस घरात सगळे त्याला नुसतं 'फ्रेम' म्हणत होते. फ्रेम पुसली का, फ्रेम सरळ आहे का. मामा त्या सकाळीच आला होता, तेव्हा हे त्याच्या कानावर यायचं कारण नव्हतं.

सव्वाअकराला नवरा-नवरी टेबलाशी बसली. फोटोवालीने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला आणि विचारलं की मागे काही असणार होतं ना. सगळ्यांनी वळून पाहिलं. भिंतीवर नुसता एक स्वच्छ चौकोन.

नवरीने पेन खाली ठेवलं. "बाबा नसतील तर मी सही करणार नाही."

ती आईवर गेली होती, म्हणजे ते वाक्य ती दुसऱ्यांदा बोलणार नव्हती. अधिकाऱ्याने दिवाणावर बसल्या बसल्या कळवलं की बाराला त्याला दुसरीकडे पोहोचायचंय आणि यानंतरची तारीख तीन आठवड्यांनी मिळेल. नवऱ्याच्या माघारी हे एक कार्य ताईने एकटीने ओढून आणलं होतं, आणि ते एका खिळ्यावर अडलं होतं.

ती आत जाऊन भावाला म्हणाली, "अरे, ह्यांची फ्रेम गेली."

आता, तिचे यजमान चष्मा वापरत. जाड, काळा. मामाच्या डोळ्यांसमोर तोच आला, आणि एकदा त्याच्या डोळ्यांसमोर काही आलं की पलीकडचं दिसायची सोय राहत नसे. त्याने खिशातून वही काढली.

"काच होती?"

"म्हणजे काय, सकाळीच पुसली मी."

"काठ?"

"लाकडी. नवाच करून घेतला."

गेलेल्या माणसासाठी नवा चष्मा. मामाने वहीत लिहिलं, 'ताई दुःखाने भ्रमिष्ट', आणि तिच्या पाठीवर थोपटलं. ताईने हात झटकला.

मग तो पुढच्या खोलीत आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. नवरदेवाच्या आत्याला त्याने चष्मा काढायला लावला, उलटापालटा केला, दांडी वाकवून पाहिली. दांडी तुटली. आत्याबाईंनी त्यानंतर त्याच्या सात पिढ्यांबद्दल जे मत दिलं ते त्याने 'संशयित बेचैन' एवढ्यात उरकलं. नवरदेवाच्या वडिलांना चष्माच नव्हता, आणि ते डोळे बारीक करून बघत होते.

"चष्मा लागतो आणि डोळ्यांवर नाही," मामा म्हणाला. "म्हणजे तो कुठेतरी लपवलाय."

"मला ऊन लागतंय खिडकीतून," व्याही म्हणाले.

त्यांनाही उभं करून चाचपण्यात आलं. व्याह्यांच्या खिशातून निघाला रुमाल. मामाने त्याच्या दोन घड्या सांगितल्या, निघाल्या चार. ताई हे सगळं बघत होती. भिंतीवरची हातभर वस्तू हा माणूस लोकांच्या नाकांवर आणि खिशांत का शोधतोय हे तिला कळेना. पण भावाचं डोकं कसं चालतं हे तिला पन्नास वर्षांत कळलं नव्हतं, ते मुलीच्या लग्नात कुठून कळणार. पावणेबारा झाले. नवरी हाताची घडी घालून बसली होती, आणि शेजारी नवरदेवही तशीच घडी घालून. जावई नांदेल, एवढं ताईला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

शेवटी मामाने अधिकाऱ्याकडे बोट केलं. हा गृहस्थ कागद हातभर लांब धरून वाचतो, म्हणजे ह्याला चष्म्याची सर्वांत जास्त गरज, म्हणजे ह्याचाच हेतू सर्वांत पक्का.

अधिकारी कागद गोळा करू लागला. तेवढ्यात फोटोवालीने, जिला कोणी काही विचारलंच नव्हतं, कॅमेरा ताईपुढे धरला. सकाळी उजेड बघायला तिने खोलीचे दोन-चार फोटो घेतले होते. पहिल्यात भिंतीवर यजमान होते. दुसऱ्यात स्टुलावर मामा होता, यजमान त्याच्या बगलेत होते, आणि मामा कॅमेऱ्याकडे बघून हसत होता.

ताईने कॅमेरा भावाच्या नाकाला लावला. "हे काय आहे?"

"हे? हा फोटो. तूच नाही का सकाळी म्हणालीस, फोटोवाली आली की आधी ह्यांचा फोटो काढून घे? काढला. खिळासुद्धा काढला, तुला एक काम अर्धवट केलेलं खपत नाही."

सकाळी ताई म्हणाली होती हे खरं होतं. अगदी ह्याच शब्दांत.

"काढून घे म्हणजे तिच्याकडून काढून घे," ती म्हणाली.

"मग तसं बोलायचं. आणि फोटोचा इथे काय संबंध? आपण चष्म्याची फ्रेम शोधतोय ना?"

ताईने डोळे मिटले आणि उघडले. "कुठे ठेवलास?"

"धक्का लागू नये म्हणून गादीखाली."

घरात गादी एकच होती, दिवाणावर. तिच्यावर तासभर अधिकारी बसला होता. तो ताडकन उठला. चादर वर केली तर यजमान काच-बिच शाबूत हसत होते. अधिकाऱ्याने त्यांना ओळखदेख नसताना नमस्कार केला.

बाराला सात मिनिटं कमी. खिळा मामाने खिडकीतून टाकला होता, आणि दुसरा ठोकायला हातोडी सापडेना. ती शोधायला मामा वही काढू लागला, तेव्हा ताईने त्याला दंडाला धरून भिंतीशी नेलं, स्टुलावर चढवलं आणि फ्रेम त्याच्या हातांत दिली. आणखी वर, म्हणाली. आणखी. तोंडासमोर. हलायचं नाही. नवरीने मागे वळून बाबांकडे एकदा पाहिलं आणि पेन उचललं.

फोटो छान आलेत. नवरा-नवरी सही करतायत, ताई ताठ उभी आहे, आणि सगळ्यांच्या मागे यजमान, हसरे, खाली मामाची करडी विजार आणि दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे. एकाही फोटोत मामाचं तोंड नाही.

बघणारे विचारतात की हे असं का. ताई सांगते, "बसून कंटाळले होते, उभे राहिले." चूक कोणाची होती हे मात्र तिला अजून कोणी विचारलेलं नाही. विचारून बघावं.