कोऱ्या कडेच्या पदकाची कैफियत

श्रीगजवदनास नमन. वाग्देवीस नमन. ज्यांणी पदक कमाविले त्यांस साष्टांग दंडवत, आणि ज्यांणी नुसते जमाविले त्यांस दुरोनच रामराम. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सरे, आश्विन मासी एका थोर राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव कोणी पुसो नये. सांगितल्यास तेथील लोक त्याचेही पदक पाडतील.

तर त्या राज्यी पदके पाडण्याची मोठी हौस. महाराजांची दाढ उपटली, त्याचे पदक जाहले. पट्टहत्तीचे पडसे उतरले, त्याचे जाहले. नव्या हौदास पाणी आले, त्याचे जाहले, आणि ते पाणी आटले त्याचेही जाहले असते, परंतु टांकसाळीत चांदी सरली. मग ही पदके जमविणारे सरदार निपजले. पूर्वी सरदार फौज बाळगीत, आता पेट्या बाळगू लागले, आणि फौजेस दाणावैरण लागते, पेटीस मखमल पुरते, म्हणोन अवघे संतोषी होते. त्यांत अग्रेसर राजश्री गिरमाजी नाईक आंबेघाटकर. यांणी जन्मात म्यानातून तलवार काढिली नाही, मात्र मोहिमांची नावे तोंडपाठ, आणि पेटी उघडोन बसले म्हणजे आपणच त्या साऱ्या मोहिमा मारोन आलो ऐसे बोलत, आणि ऐकणारा जांभई देई तोवर सोडीत नसत. परंतु पेटीत एक खळगा रिकामा होता, आणि तो पाहोन नाईकांस अन्न गोड लागेना.

तो खळगा वेळूखिंडीच्या पदकाचा. थोरल्या महाराजांचे वेळी गनिमाने वेळूखिंड गाठिली, तेव्हा पदके लढाईपूर्वीच पाडिली होती, आणि लढाई सरल्यावर जे खिंडीत उभे राहिले त्यांची नावे पदकांच्या कडेवर कोरिली. जे पळाले त्यांची पदके कोरीच राहिली, ती सरकाराने लाजेस्तव वितळविली. नावाची पदकेही काळाचे ओघात दुर्मिळ जाहली. आणि आरंभी सांगितले त्या साली आताचे महाराजांणी जाहीर केले की दसऱ्याचे दरबारी ज्याची पेटी भरली असेल त्यास पदकश्री किताब आणि उजवे हाताची पहिली बैठक देऊ. नाईकांचे वैरी विसाजीपंत चौकटे, त्यांचीही पेटी याच एका खळग्याने अडलेली. मग काय विचारावे! नाईकांणी मुलूख धुंडाळिला, आणि डोंगरवाडीस शेवंताबाई म्हणोन एक वृद्ध बाई आहे, तिचे देव्हाऱ्यात पदक आहे, ऐशी खबर लागताच पालखी तेथे नेली.

बाईने पदक दाखविले. हळदीकुंकवाने माखलेले, वरी काजळी, आणि कडेस तलवारीचा वार बसोन खोच पडलेली. नाईक पुढे मोहरा ओतू लागले. बाई बोलिली, "पैका काढू नगा सरकार. ह्ये माज्या बापाचं हाय. खिंडीत उभा ऱ्हायला म्हनून मिळालं. पर दरबारात त्याचं नाव कुनी घेतलं न्हाई, त्याच्याआधीच जखमेनं गेला. तुमी दरबारात येकडाव त्याचं नाव घ्या, म्या माज्या कानांनी ऐकते. मंग पदक ठिवा तुमाला." नाईक बोलिले, "एकदा काय, दहादा घेऊ!" आणि बेलभंडारा उचलोन शपथ वाहिली. बाईने वडिलांचे नाव सांगितले. नाईक तेव्हा पदकाचे वजन हातात तोलीत होते, त्यामुळे ते नाव एका कानाने आत आले आणि दुसऱ्याने परभारे गेले.

घरी येवोन नाईकांणी पदक मखमलीवर ठेविले तो मनास येईना. बाकी पदके लखलखीत, त्यांत हे काळेठिक्कर. विसाजीपंत नाक मुरडतील ऐसे भय वाटले. आता या छंदाचा पहिला कायदा असा की जुने पदक घासू नये, त्याचा काळेपणा हेच त्याचे वय. हा कायदा नाईक इतरांस उठता बसता शिकवीत. परंतु आपली अब्रू आली म्हणजे कायदा इतरांकरिता उरतो. मग दार लावोन घेतले, आणि चिंच घेतली, आणि राख घेतली, आणि विटकरीचा भुगा घेतला, आणि घासू लागले. खोच जाईना म्हणोन कानस घेतली. कडेस काही खरखरीत लागे, तो मळ समजोन दुप्पट जोर केला. ज्या हातांस तलवारीने कधी घट्टा पडला नाही त्यांस त्या दिवशी फोड आले, आणि नाईकांस वाटले, आज खरा पराक्रम जाहला.

दसऱ्यास दरबार भरला. पेट्या मांडिल्या, आणि नाईकांचे पदक ऐसे चमकले की महाराजांणी डोळ्यांवर हात धरिला. पुसते जाहले, "गिरमाजी, हे कोणा वीराचे?" नाईकांणी नाव आठविले, आठवेना. वाडीतील बाईचे म्हणावे तर कमीपणा. तेव्हा छाती काढोन बोलिले, "आमचे आजोबांचे, महाराज!" विसाजीपंतांणी तत्काळ भिंग काढिले आणि पदक हाती घेतले, आणि फिरवोन फिरवोन पाहिले, आणि ओरडले, "महाराज, कड कोरी आहे!" दरबार हसला. महाराज बोलिले, "म्हणजे तुमचे आजोबा पळाले की काय?" नाईकांचे तोंडचे पाणी पळाले. परंतु विसाजीपंत हसेनात. भिंग पुनः कडेस लाविले. "कोरी पदके तो सारी वितळविली," ते बोलिले, "हे एकच उरले. गिरमाजी, माझी अवघी पेटी घ्या, हे मला द्या!" हे ऐकताच नाईकांची मान वर आली, मिशीस पीळ पडला, आणि बोलिले, "पळालेच महाराज! ऐसे पळाले की जोडे खिंडीतच राहिले!" दरबार थक्क जाहला. एक सरदार उठोन बोलिला, आमचेही आजोबा पळाले. दुसरा बोलिला, आमचे तो शत्रू दिसण्यापूर्वीच पळाले, पदक घरी असेल, शोधितो. ज्या घराण्यांणी पिढ्यान् पिढ्या शौर्याच्या बाता मारिल्या, ती घटकेत पळपुट्यांची निघाली, आणि कोणास लाज वाटली नाही, कारण भाव वाढला होता. किताब नाईकांस जाहला. मग सारे सरदार कड पाहण्यास पेटीवर ओणवे जाहले.

तो गर्दीतून शेवंताबाई पुढे आली. डोंगर उतरोन, उपाशी, फक्त एक नाव ऐकण्यास आली होती. "सरकार, माज्या बापाचं नाव ऱ्हायलं," ती बोलिली. नाईक वैतागोन बोलिले, "आजीबाई, कसले नाव? कड कोरी आहे, पाहा." बाईने पदक हाती घेतले. तिला अक्षर येत नव्हते, परंतु दर दसऱ्यास हळद लावता लावता बोटास ती अक्षरे ठावकी जाहली होती. बोट कडेवरोन सारे फिरले आणि कोठेच अडले नाही. बाई बोलिली, "बापानं हुबं ऱ्हाऊन मिळिवलं, आन् तू बसून घालिवलंस. त्वांड हाय का नाव घ्याया? मंग मीच घेते." आणि दरबार दणाणेल ऐशी ओरडली, "हैबती सुभानजी गवारे, वेळूखिंड!"

दरबारची रीत ऐशी की मोठ्याने नाव उच्चारिले म्हणजे कोणी मातबर आला, त्याची ललकारी द्यावी. दाराशी भालदार डुलक्या घेत होता. तो दचकोन उठला, काठी आपटली, आणि सवयीने गर्जला, "हैबती सुभानजी गवारे, वेळूखिंडवाले, अदब राखो!" ललकारी ऐकताच अवघे सरदार सवयीनेच ताठ उभे राहिले आणि लवोन मुजरा करिते जाहले. विसाजीपंत लवले, नाईक लवले, महाराजही गादीवरोन अर्धे उठले. कोण आला हे पुसण्याची कोणाची छाती होईना. मुजऱ्यात माना खाली होत्या तोवर बाईने पदक कनवटीस लाविले, पदर सावरिला, आणि त्या वाकलेल्या पागोट्यांमधोन चालत बाहेर गेली.

येणेप्रमाणे किताब गिरमाजी नाईकांचा जाहला, पळ काढिला तो त्यांच्या आजोबांचे नावे दरबारी कायम जाहला, पदक ज्याचे त्याचे देव्हाऱ्यात गेले, आणि हैबती गवाऱ्यास त्या राज्यात जो एक मुजरा मिळाला तो कोणी जाणोन केला नाही. वर्तमान इतुकेच.